चढणाऱ्याचा चोळणा

व्याख्यानमालेच्या पत्रकावर आमच्या नावासमोर हा विषय छापून आला, तेव्हा गावात थोडी करमणूक झाली. एका स्नेह्यांनी आम्हास भर बाजारात थांबवून विचारले, "काय हो, आजवर पगाराच्या नि बोनसच्या गोष्टी करीत होता, आता चड्ड्यांवर आलात काय?" आम्ही म्हटले, होय, चड्ड्यांवरच आलो. ज्याने आयुष्याची तीस वर्षे मजुरांच्या मागण्यांचे कागद लिहिण्यात घालविली, त्याला एक गोष्ट पुरती कळून चुकलेली असते. माणसाच्या जिवाचा आणि अब्रूचा प्रश्न पुष्कळदा अशाच हसण्यावारी नेलेल्या वस्तूत दडलेला असतो. आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून, युनियनच्या कचेरीत, रात्री. तेव्हा पंडिताचे प्रवचन म्हणून हे ऐकू नका. एका कार्यकर्त्याने गोळा केलेली माहिती, एवढ्याच भावनेने ऐका.

कशेडी घाट आपणा सर्वांच्या परिचयाचा. पोलादपूर सोडले की मुंबई-गोवा रस्ता वळणे घेत वर चढू लागतो आणि रायगड जिल्हा मागे टाकून खेड तालुक्यात उतरतो. 2023 साली गणपतीच्या तोंडावर येथील सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्याची एक बाजू वाहतुकीस खुली झाली, आणि प्रवाशाला आपण डोंगर ओलांडला हे कळेनासे झाले. प्रवाशाला कळत नाही, म्हणून डोंगर कुणालाच चढावा लागत नाही, असे मात्र नव्हे. घाटातल्या उतारावर लोखंडी जाळी ठोकणारा, पावसात सैल झालेले दगड दोराला लोंबकळून पाडणारा, विजेच्या तारेमागे रान तुडवीत जाणारा, जनावरांमागे कड्याच्या कडेने फिरणारा धनगर, रायगडावर ताक-दही विकणारी बाई, हे सारे चढतातच. आणि रविवारी पाठीवर पिशव्या बांधून लिंगाण्याला, चंद्रगडाला, मंगळगडाला जाणारी तरुण मंडळीही चढतात. पहिले पोटासाठी, दुसरे हौसेसाठी. पण गुडघा दोघांचाही सारखाच वाकतो. आमच्या विषयाची सुरुवात या गुडघ्यापासून आहे.

चढणाऱ्याला आपल्या विजारीकडून हवे तरी काय असते? आज घरी गेल्यावर एक प्रयोग करून पाहा. अंगाबरोबर बसणारी पाटलोण घाला आणि जिन्याच्या दोन पायऱ्या सोडून तिसरीवर पाय ठेवा. कापड तीन ठिकाणी अडवील : गुडघ्यावर, मांडीवर आणि आसनाशी. याचे कारण साधे आहे. गुडघा पुरता वाकला की त्यावरची कातडी उभ्या दिशेने तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक ताणली जाते. देवाने कातडीला ताण दिला. विणलेल्या साध्या कापडाला तो नाही. तेव्हा शिंप्यापुढे तीनच वाटा उरतात. एक, कापड इतके सैल ठेवायचे की ते गुडघ्यावरून सरकावे. दुसरी, जेथे ओढ बसते तेथे जादा तुकडा घालायचा. तिसरी, कापडच ताणले जाणारे घ्यायचे. जगातल्या साऱ्या चढणाऱ्यांच्या विजारींचा इतिहास या तीन वाटांत सामावतो.

याखेरीज आणखी मागण्या आहेतच. खडकावर बसून सरकावे लागते, म्हणून आसन दुहेरी हवे. भिजले तर लवकर वाळले पाहिजे. दोराचा पट्टा कमरेला बांधला असता त्याखाली जाड शिवण किंवा बक्कल रुतता कामा नये. खिशाला गुंडी हवी, नाहीतर विडीकाडी दरीत जाते. आणि मग आखूड की पूर्ण, हा सनातन वाद. आखूड चड्डीत गुडघा मोकळा राहतो, चिखल धुऊन टाकता येतो. पण करवंदीची जाळी नडगी सोलून काढते. पूर्ण विजार काट्यापासून आणि दोराच्या घर्षणापासून राखते. पण पावसात पायाला ओझे होऊन बसते. सगळे गुण एका विजारीत मावत नाहीत. कोणता गुण घ्यायचा आणि कोणता सोडायचा, याची निवड कुणीतरी करावीच लागते. ती निवड कोणी करायची, हा खरा प्रश्न. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

आता आपल्या मुलखाने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहू. सह्याद्रीत राहणाऱ्याने पहिली वाट धरली. नव्हे, त्याने शिवणच टाळली. लंगोटी, वर घोंगडी, आणि पावसात डोक्यावर इरले. मांडी उघडी, गुडघा उघडा. अडवायला कापडच नाही. धोतर नेसणाराही कामाला लागताना ते गुडघ्याच्या वर घेऊन मागे घट्ट कासोटा मारी. नऊवारी लुगड्याची रचनाही हीच. निऱ्या दोन पायांमधून मागे खोचल्या की न शिवलेल्या कापडाची विजार तयार होते, आणि ती प्रत्येक पावलागणिक आपले माप बदलते. रायगडाच्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कथा आहे, दस्तऐवज नव्हे. परंतु ज्या लोकांनी ती रचली त्यांना लुगड्याने कडा उतरणे अशक्य वाटले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सकाळी दूध घेऊन गड चढणाऱ्या बाया त्यांच्या डोळ्यांपुढे असणारच.

शिवलेले वस्त्र आले ते लष्करी चाकरीबरोबर. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध आहे. त्याची वाढविलेली आवृत्ती 1857 सालची. त्यात 'चोळणा' हा शब्द सापडतो. चोळणा म्हणजे आखूड विजार. जो मांडीवरच संपतो तो 'मांडचोळणा'. आज हे शब्द मागे पडले आणि आपण 'शॉर्ट' म्हणतो. पण ज्या भाषेत मांडीवर संपणाऱ्या विजारीला स्वतंत्र नाव होते, त्या भाषेच्या लोकांना गुडघ्याची किंमत ठाऊक होती, असेच म्हटले पाहिजे. आणखी एक पुरावा आपण रोज तोंडाने देतो. मोठे काम अंगावर घेणे याला मराठीत 'कंबर कसणे' म्हणतात. कामाचा आरंभ आपल्या भाषेने डोक्यापासून केला नाही, हातापासूनही नाही. कमरेचे वस्त्र आवळण्यापासून केला. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ गाव आपल्या पोलादपूर तालुक्यातच आहे. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री सिंहगडाचा कडा चढून जे मावळे वर गेले त्यांची शौर्यगाथा आपण गातो. आमच्यासारख्याच्या मनात मात्र येते, की त्या रात्री प्रत्येकाने आधी आपली कंबर स्वतःच्या हाताने कसली असली पाहिजे.

आता थोडे समुद्रापार जाऊ. युरोपात एकोणिसाव्या शतकात डोंगर चढणे हा सुखवस्तू लोकांचा छंद झाला, आणि छंदाबरोबर पोशाखाचा शिष्टाचारही डोंगरावर गेला. 1871 साली लूसी वॉकर ही इंग्रज बाई मॅटरहॉर्न शिखरावर पोचणारी पहिली स्त्री ठरली. ती घोळदार झग्यातच चढली. पुढे 1895 मध्ये अ‍ॅनी पेक या अमेरिकन बाईने तेच शिखर गुडघ्याशी आवळलेली विजार घालून सर केले. आता गंमत पाहा. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती तिच्या चढाईपेक्षा तिच्या विजारीची! बाईने साडेचौदा हजार फुटांचा सुळका चढला याचे नवल नाही. तिच्या पायांना दोन वेगवेगळ्या नळ्या आहेत, याचे नवल. कपडा चढणाऱ्याच्या सोयीसाठी नसून पाहणाऱ्याच्या समाधानासाठी असतो, ही समजूत साऱ्या जगात होती. तिच्यापासून आपणही सुटलेलो नाही.

एव्हरेस्टच्या सुरुवातीच्या मोहिमांची छायाचित्रे पाहून लोक हसतात. म्हणतात, हे साहेब शिकारीला निघाले होते की शिखराला? हे हसणे अज्ञानाचे आहे. 4 जून 1924 रोजी नॉर्टन हा अधिकारी कृत्रिम प्राणवायूवाचून 28,000 फुटांच्या वर गेला. त्याच्या अंगात लोकरीचे कपडे आणि वर गॅबर्डिनचा सूट होता. गॅबर्डिन म्हणजे वारा अडवणारे घट्ट विणीचे कापड. खाली गुडघ्याशी संपणारी विजार, तिला आतून फ्लॅनेलचे अस्तर, आणि पिंढऱ्यांना काश्मिरी पट्ट्या. त्याच मोहिमेत नाहीसा झालेल्या मॅलरीचा देह 1 मे 1999 रोजी सापडला. त्याच्या अंगावरील चिंध्यांचा अभ्यास करून तसेच कपडे पुन्हा तयार करण्यात आले, आणि 2006 साली ते एव्हरेस्टच्या पायथ्याशी घालून पाहण्यात आले. ते हलके निघाले, उबदार निघाले, आणि मुख्य म्हणजे त्यांत हातपाय मोकळे हलत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या शिंप्याला गुडघा समजत होता.

या ठिकाणी एक गोष्ट अभिमानाने नव्हे, पण हिशेबाने नोंदवावीशी वाटते. नॉर्टनच्या पायाला गुंडाळलेल्या त्या पट्टीला इंग्रजीत 'पटी' म्हणतात. तो आपला 'पट्टी' हाच शब्द. 'खाकी' म्हणजे मातीच्या रंगाचे. 1846 च्या सुमारास पेशावरच्या बाजूला लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या शिपायांना तो रंग दिला आणि पुढे तो जगभर गेला. 'पायजमा' तर आपण जाणताच. आणि 'डंगरी'? मुंबईतील डोंगरी हा भाग आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. तेथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला परदेशी व्यापारी त्या जागेच्या नावाने ओळखू लागले. सतराव्या शतकापासून तो शब्द इंग्रजीत वावरत आहे, आणि पुढे तो कष्टकऱ्याच्या जाड पाटलोणीचेच नाव होऊन बसला. डोंगरावरून वस्तीचे नाव, वस्तीवरून कापडाचे नाव, कापडावरून मजुराच्या विजारीचे नाव. हिशेब असा की साहेब ज्या वस्त्रांनी चढला त्यांतल्या अनेकांची वीण आणि नाव आमच्या विणकराच्या घरचे होते.

अमेरिकेतही गोष्ट मजुरापासूनच सुरू होते. जेकब डेव्हिस हा नेवाडातील शिंपी. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि म्हणाली, नवऱ्याच्या विजारीचे खिसे टिकत नाहीत, काहीतरी कर. त्याने ओढ बसणाऱ्या जागी तांब्याच्या टिकल्या ठोकल्या. लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर 1873 साली त्याने त्याचे पेटंट घेतले. आज आपली मुले जी जीन्स घालून रायगडावर जातात ती अशी लाकूडतोड्यासाठी जन्मली. ती टिकाऊ खरी. पण भिजली की जड, आणि गुडघ्याशी आडमुठी. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या कड्यांवर जी नवी पिढी चढू लागली तिच्या खिशात पैसा नव्हता. ती जुन्या बाजारातून वापरलेल्या सुती पाटलोणी आणी आणि गुडघ्यावर कापून चढे. मांडचोळणाच तो, फक्त नाव निराळे!

1982 साली त्याच योसेमिटीतील माइक ग्रॅहॅम नावाच्या एका प्रस्तरारोहकाने स्वतःच विजारी शिवून विकण्यास प्रारंभ केला. त्यात त्याने दोन पायांच्या सांध्यावर एक स्वतंत्र तुकडा बसवला, म्हणजे पाय हवा तितका फाकावा आणि शिवण उसवू नये. आम्ही वर जी दुसरी वाट सांगितली ती हीच. चढणाऱ्या मंडळींत या विजारीचा मोठा बोलबाला झाला. आपल्याकडचा जुना शिंपी मात्र म्हणेल, यात नवे काय? सलवारीच्या नि लेंग्याच्या मधोमध चौकोनी तुकडा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बसवीत आलो! त्याला हिंदुस्थानी शिंपी मियानी म्हणतात. ज्या देशात माणसे उकिडवी बसतात, मांडी घालून जेवतात, तेथे तो तुकडा लागणारच. खुर्चीवर बसणाऱ्याच्या पाटलोणीतून तो गळाला, आणि कड्यावर चढताना त्याची पुन्हा आठवण झाली.

1982 हे साल आम्ही मुद्दाम उच्चारले. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. आमचे वडील त्यांतलेच एक. महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांत गिरणीचा पगार येई, तो थांबला. वडील गावी परतले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्यांच्या वळकटीत गिरणीच्या कापडाचा एक ताग्याचा तुकडा होता. आईने त्याच्या दोन चड्ड्या शिवल्या आणि त्या घालून आम्ही गवताचे भारे डोंगरावरून उतरवले. कापड विणणारा माणूस कापडावाचून झाला, आणि कापड मात्र जगात वाढतच गेले. वेष बदलून गेले, एवढेच. नायलॉन 1935 मध्ये अमेरिकेत निघाले, पॉलिएस्टरचा धागा 1941 मध्ये इंग्लंडात, आणि रबरासारखा ताणणारा धागा 1958 मध्ये पुन्हा अमेरिकेत. या तिसऱ्या धाग्याने आमची तिसरी वाट मोकळी केली. आज डोंगर चढणारा जी विजार दुकानातून घेतो ती बहुधा या धाग्यांच्या मिश्रणाची असते.

या नव्या कापडाची थोरवी नाकारून चालणार नाही. आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शेकडा 65 आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत ठेवले असता लोकर आपल्या वजनाच्या शेकडा सुमारे 16, कापूस सुमारे 8.5, नायलॉन सुमारे 4 आणि पॉलिएस्टर अवघे 0.4 इतके पाणी धरते. म्हणजे भिजलेली सुती पाटलोण का वाळत नाही आणि पायाला का चिकटते, याचे उत्तर त्या आकड्यांतच आहे. चिकटलेले कापड सरकत नाही. आणि जे सरकत नाही ते गुडघा अडवते. उलट, नव्या धाग्याचा दोषही सांगितला पाहिजे. पॉलिएस्टर सुमारे 250 अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला धागा कातडीला चिकटून बसतो. सुती कापड जळते, पण वितळत नाही. म्हणून जेथे ठिणगी उडते, वेल्डिंग चालते, तेथे सुतीच बरे. कड्यावर एक, भट्टीवर दुसरे.

हे शास्त्र केवळ हौशी मंडळींचे नव्हे, हे आपल्या तालुक्याने डोळ्यांनी पाहिले आहे. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीस माणसे गेली, एक वाचला. भर पावसात, धुक्यात, निसरड्या कातळावरून दोर लावून जे खाली उतरले ते महाबळेश्वर, पोलादपूर, महाड या बाजूचे गिर्यारोहक होते. ज्यांना आपण सुटीच्या दिवशी 'रिकामटेकडे' म्हणत होतो तीच ही पोरे. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही चिखल तुडवीत आधी पोचले ते पायी चढणारेच. अशा वेळी हात दोरावर असतात, डोळे पावलावर असतात. विजारीकडे लक्ष द्यायला सवड नसते. ज्या विजारीकडे लक्ष द्यावे लागत नाही, तीच चांगली विजार. आमच्या मते याहून नेमकी व्याख्या होणार नाही.

आता आम्ही आमच्या अनुभवाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका घाटरस्त्याच्या कामावर आमच्या युनियनचे सभासद होते. सैल दगड पाडण्याचे काम. ठेकेदाराने सर्वांना गणवेश दिला : जाड, तंग पाटलोण, तीसेक माणसांना मिळून एकच माप. देताना छायाचित्र काढले. पहिल्याच मोठ्या पावसात आमचा एक सभासद दोराला बांधून वर जात असता कमरेइतक्या उंचीच्या टप्प्यावर पाय टाकू गेला. भिजलेले कापड मांडीशी अडले, पाय चार बोटे कमी पडला आणि तो निसटला. दोराने जीव वाचवला. पण झोका घेऊन तो कातळावर आदळला तो गुडघ्यावरच. सहा महिने घरी होता. कागदावर कारण लिहिले गेले : मजुराचा निष्काळजीपणा.

आम्ही ती पाटलोण जपून ठेवली होती. वाटाघाटीच्या बैठकीत ती टेबलावर ठेवली आणि नम्रपणे म्हटले, आपल्यापैकी कुणीतरी ही घालून समोरच्या खुर्चीवर पाय ठेवून दाखवावा. वडीलधारे साहेब हसले. पण त्यांच्यातला एक तरुण इंजिनिअर उठला, आतल्या खोलीत जाऊन ती घालून आला, आणि त्याने पाय उचलला. दोन्ही हातांनी कापड वर ओढल्याशिवाय त्याचा पाय खुर्चीवर पोचेना. तो म्हणाला, "साहेब, कड्यावर हात मोकळे नसतात." मग कुणी हसले नाही. दोन जोड, प्रत्येकाचे माप घेऊन, मधला तुकडा बसवून, आसन दुहेरी करून, लवकर वाळणाऱ्या कापडाचे शिवून मिळाले. शिवले ते गावातल्याच शिंप्याने. त्या इंजिनिअरचे आम्ही आजही आभार मानतो.

येथे आमची फुशारकी संपते आणि चूक सुरू होते. त्याच कामावर खालच्या बाजूला दगड गोळा करणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या बाया होत्या. साडीवर पुरुषी सदरा घालून त्या दिवसभर उतार चढत-उतरत. विजय मिळाल्याच्या भरात आम्ही ठराव मांडला, की स्त्री कामगारांनाही हाच पोशाख द्यावा आणि तो घालणे सक्तीचे करावे. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने, म्हणजे सभेला आलेल्या पुरुषांच्या मताने. दुसऱ्या दिवशी एक वयस्क बाई पाटी खाली ठेवून आमच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, आदी मुकादम सांगायचा काय नेसायचं, आता तुमी सांगताय. आमाला कोन इचारनार?"

श्रोतेहो, त्या वाक्याने आम्ही गप्प झालो. आम्ही ज्या महाडच्या नावाने भाषणे करतो तेच महाड आम्हास त्या क्षणी आठवले. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तिथे 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली. या परिषदेच्या वेळीच डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याचा प्रश्न काढला. अस्पृश्य स्त्रीने लुगडे गुडघ्यापर्यंत वर नेसावे, अंगावर अमुकच धातूचे दागिने घालावे, हा रिवाज म्हणजे तिच्या जातीची दुरून दिसणारी खूण होती. ती खूण टाका, इतर वर्गांतल्या बाया नेसतात तसे पायघोळ नेसा, असे त्यांनी सांगितले. आणि बायांनी लगोलग तसे नेसण्यास प्रारंभ केला.

आता येथे एक विचारी श्रोता आम्हास अडवील. म्हणेल, "अहो, इतका वेळ तुम्ही उघड्या गुडघ्याचे गुण गायलात. लुगडे वर घेतले की चढणे सोपे, हे तुमचेच म्हणणे. मग पायघोळ लुगडे ही प्रगती कशी?" प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याचे उत्तर त्या पाटी वाहणाऱ्या बाईने देऊन ठेवले होते. कामासाठी वर खोचलेले लुगडे आणि जातीच्या हुकमाने वर नेसलेले लुगडे, दिसायला एकच. पण पहिले संध्याकाळी खाली सोडता येते, दुसरे सोडता येत नाही. गुडघा मोकळा असावा, पण तो दुसऱ्याच्या आज्ञेने उघडा असू नये. 1927 साली महाडला बायांनी जे मिळवले ते पायघोळ लुगडे नव्हे. लुगडे खाली सोडण्याचा अधिकार त्यांनी मिळवला. ज्याला वस्त्र खाली सोडण्याचा अधिकार आहे, त्याच्याच कंबर कसण्याला अर्थ आहे.

आम्ही तो ठराव मागे घेतला आणि बायांना बसवून एकेकीला विचारले. दोघी-तिघी तरुण मुलींनी पाटलोण मागितली. काहींना सलवार हवी होती. वयस्क बाया म्हणाल्या, आम्ही साडीच खोचू, पण सदरा पूर्ण बाहीचा आणि खिशाचा द्या. आणि एक मागणी साऱ्याजणींनी केली, जी आमच्या कागदावर कुठेच नव्हती : कपडे बदलायला चार पत्र्यांचा आडोसा. कामावर येताना एक वस्त्र, कामात दुसरे, आणि जाताना पुन्हा आपले, हे करायला जागाच नव्हती. तो आडोसा मिळवायला आम्हास पाटलोणीपेक्षा अधिक दिवस लागले.

11 जुलै 2025 रोजी रायगड, प्रतापगड यांसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आता आपल्या भागात चढणारे वाढतील. त्यांना लागणाऱ्या विजारींची दुकानेही निघतील. आनंदाची गोष्ट आहे. गिर्यारोहणाच्या संस्थांना आमची एवढीच विनंती, की आपल्या शिबिरात येणाऱ्या मुलामुलींना पोशाखाचे नियम वाचून दाखविण्याआधी एकदा पाय उचलून दाखवायला सांगा, म्हणजे कापड कुठे अडते ते त्यांना स्वतःच कळेल. आणि कामे देणाऱ्यांना विनंती, की घाटात दोरावर चढणाऱ्या मजुराचे माप घेताना तो उभा असता घेऊ नका. त्याला गुडघा वाकवायला सांगून घ्या.

कशेडीच्या बोगद्यातून जाताना काही क्षणांत आपण डोंगरापलीकडे असतो. पण वरचा उतार सांभाळणारी माणसे अजूनही पायानेच वर जातात. पुढच्या पावसाळ्यात घाटात कुठे दोराला लोंबकळणारा माणूस दिसला, तर त्याच्या विजारीकडे एकवार पाहा. ती त्याने निवडलेली आहे की त्याच्यावर लादलेली, हे त्याच्या पुढच्या पावलावरून आपणास ओळखता येईल. कंबर ज्याची, कसणेही त्याच्याच हाती असावे, एवढेच आमचे मागणे आहे.